फोटोत न उमटलेला दांडा

मी आता जे सांगणार आहे ते कुणी खरं मानत नाही. आमच्या गावात माझ्या बोलण्यावर कुणी घड्याळसुद्धा लावत नाही, मग विश्वास तर लांबच राहिला. तरी सांगतो. माझे दाजी तातोबा हसबे, मांडीत नवाकोरा दांडा असताना, दांडा नाही म्हणून मरायला निघाले होते. आणि एकटे दाजीच येडे झाले होते असं नाही. जन्मभर सोनंचांदी हाताळलेले आम्ही सगळे शहाणे भाऊबंद त्यांना वाट मोकळी करून द्यायला रांगेनं उभे होतो.

"ह्यो?" दाजी म्हणाले. "ह्यो दांडा?"

सांगलीतला दवाखाना होता. नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही खरंखोटं करायला जाल आणि माझी पंचाईत होईल. दाजी खाटेवर उताणे. उजवा पाय उशांमध्ये जखडलेला. दारात वाळत घातलेल्या हुलग्यांवर पाय पडला आणि ऐंशीच्या घरातला माणूस गोट्यांवरून घसरावा तसा घसरला. खुब्याचं हाड मोडलं. माझी बहीण हौसा उशाशी बसलेली, मी पायथ्याशी. आणि डॉक्टर शिरगुप्पे, वयानं आमच्या पोरांएवढे पण बोलायला शांत, त्यांनी दाजींच्या हातात नमुना दिलेला. बोटाएवढा जाड, काळाकुट्ट, अंगाला चकाकी म्हणून नाही. जळक्या लाकडाची कांडी म्हटली असती तरी चाललं असतं.

"हाच," डॉक्टर म्हणाले. "बाबा, हा कार्बनच्या धाग्यांचा आहे. केसाहून बारीक धागे, आणि ते एका खास प्लास्टिकमध्ये घट्ट बसवलेले."

"प्लाष्टिक?" दाजींनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच ते विकायला आणलंय. "आमच्यात पाण्याची घागरसुदीक तांब्याची असती, डॉक्टर."

दाजींचं दुखणं कळायला आमचा धंदा कळायला पाहिजे. आम्ही खानापूर तालुक्यातले. पाऊस आमच्याकडं पाहुण्यासारखा येतो, चहासुद्धा न घेता जातो. म्हणून आमच्याकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या देशभर पांगली ती गलाईच्या धंद्याला. गलाई म्हणजे जुनं सोनंचांदी आटवून, हिणकस काढून, शुद्ध लगड करून देणं. कुठल्याही मुलखातल्या सराफकट्ट्यात जा, भट्टीपाशी कान द्या, आमच्याकडची मराठी ऐकू येईल. दाजींनी आणि मी उभी उमेद तमिळ मुलखात, कुंभकोणमला, भागीत दुकान चालवलं. मग दाजींचा थोरला विलास भट्टीवर बसला आणि आम्ही दोघं म्हातारपण काढायला गावी आलो.

ह्या धंद्यात एकच देव असतो, आणि तो म्हणजे समोर बसलेला गिऱ्हाईक. माल त्याच्या डोळ्यांसमोर आटवायच्या भांड्यात, मुशीत, घालायचा, त्याच्या डोळ्यांसमोर आटवायचा, त्याच्या डोळ्यांसमोर ओतायचा. लगड हातात पडेपर्यंत गिऱ्हाईक पापणी हलवत नाही. शिंकसुद्धा दाबून ठेवतो. गलाईवाला आणि गिऱ्हाईक यांच्यात प्रेम असतं, पण विश्वास नसतो. म्हणूनच प्रेम टिकतं.

"स्टीलचा दांडाही घालता येतो, टायटॅनियमचाही," डॉक्टर सांगत होते. "पण तुमचं हाड वयानं भुसभुशीत झालंय. आत फार ताठ दांडा बसला की सगळा भार तोच उचलतो आणि हाड आळशी होत जातं. हा हाडासारखाच जरासा वाकतो, भार वाटून घेतो. आणि शिवाय हा एक्स-रेच्या फोटोत आड येत नाही, हाड जुळताना स्वच्छ दिसतं."

हे शेवटचं वाक्य डॉक्टर म्हणाले होते, हे मी आज कुठल्याही देवळात सांगायला तयार आहे. पण नेमकं त्याच वेळी दाजी तो दांडा खाटेच्या लोखंडी कडीवर आपटून बघत होते, आणि आमचे सगळ्यांचे कान त्या आवाजाकडं होते.

"ठक्," दाजी म्हणाले. "ऐकलंस, बाळकू? नाद न्हाई ह्याला."

"लाकूड बी ह्याच्यापेक्षा गोड वाजतंय," मी म्हणालो.

मग त्यांनी बंडीच्या खिशातून कसोटीचा दगड काढला. मोडल्या खुब्यानं दवाखान्यात येताना माणसानं कवळी घरी विसरली, पण कसोटी नाही. दगडावर दांडा ओढला. काळ्या दगडावर काळी रेघ. ती दिसणार कशी! तळहातावर तोलून बघितला, मान हलवली आणि माझ्याकडं दिला. मी तोलला आणि सवयीनं दाताखाली धरला. डॉक्टरांनी हात पुढं केला होता, तो मागं घेतला. म्हणाले, "राहू द्या काका, तुमच्याकडंच ठेवा."

"हलका हाय," मी निकाल दिला. "पण दात रुतत न्हाई."

"हलका माल आन् हलका माणूस, दोन्ही घरात घिऊ ने," दाजी म्हणाले.

तेव्हा हौसा बोलली. माझी बहीण चार माणसांत बोलत नाही, पण बोलली की पुढं कुणाला बोलायला जागा ठेवत नाही. "घाला वो डॉक्टर तो काळा. ह्यांनी जन्मभर चकाकणाऱ्यावर जीव लावला. हुलग्यावरनं घसरताना एका तरी चकाकणाऱ्यानं हात दिला का?"

विलासचाही फोन आला, तोही म्हणाला नवाच घाला. दाजी नरमले, पण गलाईवाला अट घातल्याशिवाय नरमत नाही.

"घाला. पर आमच्या माणसासमोर. आमचा मेव्हणा हितं टेबलापाशी बसंल. डोळं हलवायचा न्हाई."

"आत कुणालाही बसता येत नाही, बाबा," डॉक्टर म्हणाले. "पण तुम्हाला पूर्ण भूल नाही देणार. कमरेखाली फक्त बधिर करणार. तुम्ही स्वतः जागेच असाल."

"मग मी सोता बघतो."

"मध्ये पडदा असतो."

"पडदा?" दाजींनी माझ्याकडं बघितलं, मी दाजींकडं. भट्टी आणि मालक यांच्या मध्ये पडदा आला की मालाचं काय होतं, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं. कसं ठाऊक होतं ते विचारू नका.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी हुशारीत होते. चहा मागितला, चहा पाणचट आहे म्हणून हौसाला बोलले, म्हणजे तब्येत ठीक होती. नाझनीन मुजावर म्हणून व्यायाम घेणाऱ्या बाई होत्या, पंचविशीतल्या, आवाज मात्र हवालदाराचा. त्या चौकटीचा वॉकर घेऊन आल्या.

"चला बाबा, आज उभं राहायचं. पाय खाली सोडा."

"भार द्यायचा?"

"पूर्ण द्यायचा. दांडा कशाला घातलाय?"

दाजींनी पाय खाली सोडलेसुद्धा होते. त्या वेळी फोटोचं पाकीट आणणारा माणूस वाटेत चहाला थांबला असता, तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण दवाखान्यात नको ते वेळेवर येतं.

शेजारच्या खाटेवर कवठ्याकडचा म्हादू गुरव होता, हातात कायम तंबाखूची डबी, पण दवाखान्यात मनाई म्हणून नुसता वास घ्यायचा. त्याचाही खुबाच मोडलेला, त्याला स्टीलचा दांडा घातलेला. त्याचा फोटो त्यानं खिडकीला चिकटवून ठेवला होता. मांडीच्या मधोमध असा पांढराफेक दांडा की अंगात ट्यूबलाईट बसवली आहे म्हणावं. येईल त्याला तो दाखवायचा, "बगा, ह्याला म्हंत्यात माल."

त्याच खिडकीला आम्ही दाजींचा फोटो लावला. बघायला दाजींचे चुलतभाऊ जालिंदरही आले होते. ह्या माणसानं जन्म कानपुरात भट्टीवर काढला. गुंजभर घट झाली तरी त्याला झोपेत कळते. जालिंदरनं फोटो सरळ बघितला. उलटा बघितला. चष्मा पुसून बघितला. मांडीचं हाड होतं. हाडातली चीर होती. खुब्यापाशी स्क्रूच्या कडा म्हणाव्यात अशा दोन-चार फिकट खुणा आणि मांडीतून खाली उतरलेली केसाएवढी रेघ होती. बाकी काही नाही.

"तातोबा," जालिंदर हळू म्हणाला, "माल कुठाय?"

दाजींनी खाली सोडलेले पाय पुन्हा वर घेतले.

डॉक्टर धावत आले. बिचारे न चिडता सगळं पहिल्यापासून सांगू लागले. हा दांडा फोटोत दिसतच नाही, हाच तर त्याचा गुण आहे. किरणं त्याच्या आरपार जातात. ती बारीक रेघ आहे ना, ती खुणेची तार मुद्दाम आत ठेवलेली असते, दांडा कुठं आहे ते आम्हाला कळावं म्हणून.

दाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग फार मायेनं डॉक्टरांच्या हातावर हात ठेवला. "डॉक्टर, मी तुमाला बोल लावत न्हाई. आमीबी गिऱ्हाइकाला असंच समजावून सांगायचो. 'आगीनं खाल्लं' म्हणायचो."

डॉक्टरांच्या जागी मी असतो तर निघून गेलो असतो. त्यांनी तसं केलं नाही. माझ्याकडचा तो दात लागलेला नमुना मागून घेतला, आम्हाला सगळ्यांना मशीनच्या खोलीपाशी नेलं, आमच्या देखत तो नमुना मशीनखाली ठेवला आणि फोटो काढला. फोटोत रिकामी पाटी आणि मधून एक केसासारखी रेघ. "पाहा," डॉक्टर म्हणाले, "दांडा तिथं आहे, पण दिसत नाही."

आम्ही तो फोटो दाजींना नेऊन दाखवला. दाजींनी विचार केला. गलाईवाला विचार करतो तेव्हा खालचा ओठ पुढं येतो.

"मशीन रिकामी असती," ते म्हणाले, "तर फोटू कसा आला असता?"

"असाच," डॉक्टर म्हणाले.

"आन् रेघ?"

"रेघ आली नसती."

"रेघ काय, केस पडला तरी येती," जालिंदर म्हणाला, आणि आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. खोटं कशाला बोलू!

दुपारी जालिंदर जुन्या रेडिओच्या कर्ण्यातला लोहचुंबक घेऊन आला. दाजींच्या मांडीवर पायजम्यावरून फिरवला. चुंबक ढिम्म. "आता?" जालिंदर म्हणाला. खातरजमेसाठी त्यानं तो म्हादू गुरवाच्या मांडीवर फिरवला. तिथंही ढिम्म. झालं! ज्याच्या अंगात ट्यूबलाईट दिसत होती तो गुरवही उताणा पडला आणि ओरडायला लागला, "माझाबी न्हेला!" नाझनीनबाईंनी येऊन सांगितलं की अंगात घालायच्या स्टीलला चुंबक लागतच नाही. गुरवाला त्याचाच फोटो पुन्हा दाखवून उभं करेपर्यंत त्यांचा अर्धा दिवस गेला. चुंबक त्यांनी जप्त केला.

गुरव उभा राहिला, कारण त्याला दाखवायला फोटो होता. दाजींना काय दाखवणार?

"मी काय हट्टानं पडलोय का, बाळकू?" ते मला म्हणाले. "मोडलेलं हाड, आत आधार न्हाई, त्याच्यावर भार टाकू? पुन्हा मोडलं तर मांडी कापत्याल. त्यापरीस पडलेला बरा."

आणि त्यांच्या बाजूनं बघितलं तर त्यात खोट नव्हती. हीच तर अडचण होती. येड्याला समजावता येतं, हिशेबी माणसाचा हिशेब पहिल्याच ओळीत चुकलेला असला की काही करता येत नाही.

दाजी पडून राहिले. आधी चहाला नावं ठेवणं थांबलं. मग जेवण अर्ध्यावर आलं. पाठीला लाली आली. बोलताना छातीत रिकाम्या भात्यासारखा आवाज यायला लागला. विलास तिकडून फोनवर रडवेला होऊन समजावायचा, दाजी "हूं" म्हणायचे आणि फोन हौसाकडं द्यायचे.

एका दुपारी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. "काका, हाड चांगलं बसलंय. हाडाची मला काळजीच नाही. पण ह्या वयात माणूस आडवा राहिला की छाती भरते, रक्त गोठतं. खुबा मोडला म्हणून माणसं जात नाहीत. पडून राहिली म्हणून जातात. आम्ही चौघं धरून उभं करायला गेलो तर अंग टाकून देतात, पाय उचलून धरतात. त्यांचं त्यांनी टेकवल्याशिवाय काही होणार नाही."

"टेकवला आन् काय झालं तर?"

"काही होणार नाही. सगळं वजन टाकू देत. नाचले तरी चालेल."

"तुम्ही सोता घातलाय न्हवं? तुमच्या हातानं?"

डॉक्टरांनी दोन्ही हात माझ्यासमोर धरले. "ह्याच हातांनी."

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो, गिऱ्हाईक भट्टीकडं बघतं तसा. पापणी हलवली नाही. माणूस खरं बोलत होता. मला कळतं, माझ्याइतकं खोटं बोललेल्या माणसाला खरं लगेच ओळखू येतं.

परत आलो तर हौसा जिन्यापाशी उभी होती. हातात पेजेचा तांब्या, भरलेला तसाच.

"दादा," ती म्हणाली, "ह्यांनी मला आज किल्ल्या कुठं ठेवल्यात ते सांगितलं."

"कसल्या?"

"सगळ्याच. तिजोरीच्या, कपाटाच्या. इतकी वर्सं संसार केला, कधी पत्ता लागू दिला न्हाई. आज न इचारता सांगितलं." ती रडली नाही. तांब्या ह्या हातातून त्या हातात घेतला. "आता काय करायचं रं?"

मी तिथूनच मागं फिरलो. नाझनीनबाईंना शोधलं आणि म्हणालो, "बाई, तुमचा तो वॉकर दाजींच्या खाटेच्या उजव्या अंगाला, हाताशी येईल असा ठेवा. आन् मी काहीबी बरळलो तरी मधे बोलू नका."

"काय करणार आहात, काका?"

"काय न्हाई. गप्पा."

भेटायची वेळ झाली होती. जालिंदर होता, गुरवाची माणसं होती, पलीकडच्या खाटेवरचे दोघं होते. दाजी भिंतीकडं तोंड करून पडलेले. मी स्टूल ओढलं आणि गुरवाकडं तोंड करून बसलो. दाजींकडं पाठ.

"म्हादबा, तुमी कधी हत्तीच्या सोंडंखाली सोनं आटवल्यालं ऐकलंय का?"

"न्हाई बा!" गुरव डबी हुंगत म्हणाला.

"मग ऐका. आमचं कुंभकोणमचं दुकान. बोळातलं. समोर गिऱ्हाईक म्हणून एक चेट्टी व्यापारी बसलेला, आजीचे सगळे दागिने घेऊन. माल आटून लाल झाल्याला. मी सांडशीनं मूस भट्टीतनं उचलली, आन् नेमका त्याच टायमाला देवळाचा हत्ती दारात. माहूत कुठंतरी मागं. हत्तीनं सोंड आत घातली."

"अगागा!"

"दुकान केवढं? ह्या दोन खाटांएवढं. सोंड आली ती थेट मुशीवर. आन् आमचे दाजी..." इथं मी आवाज जरा चढवला. "दाजींनी काय केलं असंल? शिडी धरली आन् माळ्यावर! वरनं म्हंत्यात, 'बाळकू, जीव वाचव, टाक ती मूस!'"

मागं खाट करकरली.

"मी म्हटलं, दाजी, परक्याचं सोनं हाय. मेलो तरी टाकणार न्हाई. तसाच उभा ऱ्हायलो. हत्ती सोंडंनं माझ्या तोंडावर फू फू करतोय, आन् मी मूस धरून देवळातल्या समईसारखा उभा."

"हत्तीण," भिंतीकडून आवाज आला.

मी ऐकलं नाही असं केलं. "हत्ती चांगला दांडगा, सुळे हे एवढे..."

"हत्तीण हुती ती. सुळे कुठलं आलं?"

"बरं, हत्तीण," मी मान न वळवता म्हणालो. "दाजींना माळ्यावरनं नीट दिसत असणार."

जालिंदर हसला. गुरवाची माणसंही हसली. गुरव म्हणाला, "व्हय वो तातोबा, वर चढला व्हता का?"

"ह्या भाड्याचं काय ऐकताय?" दाजी कुशीवरून उताणे झाले. छातीत घरघरलं. "मूस माझ्या हातात हुती!"

"असू दे, असू दे," मी गुरवाला डोळा घातला. "वय झालंय. आठवत न्हाई. तर म्हादबा, मी मूस अशी धरली." आणि मी हात पुढं करून, दोन्ही गुडघे जोडून, स्टुलावर नव्या नवरीसारखा अंग चोरून बसलो. "पाय जोडून, अंग आवळून..."

"पाय जोडून?" दाजी ओरडले. "मूस पाय जोडून?"

"व्हय. आमी तर पाय जोडूनच धरायचो."

"अरं, जालिंदर, ऐकतोयस का? पाय जोडून रसानं भरल्याली मूस! सांडली तर दोन्ही पाय जातील की ह्येचे!"

कानपुरात काय किंवा कुंभकोणमात काय, गलाईवाल्याच्या पोराला पहिली गोष्ट शिकवतात ती उभं राहण्याची. जालिंदरचं तोंड असं झालं होतं की जणू त्याच्या देवघरात कुणी चपला घालून शिरलंय.

"आन् वजन सगळं डाव्या पायावर," मी म्हणालो. "उजवा आपला नुस्ता, शोभेला."

"डाव्या!" दाजी उठून बसले होते. हौसा पुढं झाली, तिला मी पाठीमागून हातानंच थांबवलं. "डाव्यावर वजन दिलं तर वाकून ओतशील कसा, गाढवा? डावा फुडं असतो! डावा फुडं, मोकळा! सगळा भार मागल्या उजव्यावर!"

"न्हाई दाजी. तुमी माळ्यावर हुता, तुमाला काय दिसणार? उजव्यावर भार देऊन कुणी हत्तिणीसमोर उभा ऱ्हाईल व्हय? माणूस पडंल."

"पडंल? मी पडलो व्हय रं? तवा ती सोंड माझ्या मानंवर हुती!"

"कुणाला ठावं. मी तर पाय जोडून..."

पुढचं मला धड सांगता यायचं नाही, कारण माझी पाठ होती. खाट वाजली. वॉकरचा एक पाय फरशीवर घासला. नाझनीनबाईंचा श्वास मला ऐकू आला, पण त्या मध्ये बोलल्या नाहीत. म्हादू गुरवाच्या हातातली डबी पडली आणि ती उचलायचं कुणाला सुचलं नाही. मग मी वळलो.

दाजी उभे होते. डावा पाय पुढं, मोकळा, बोटं जरा बाहेर काढलेली. उजवा मागं, टाच घट्ट रोवलेली, दवाखान्याच्या ढगळ पायजम्यातून मांडी थरथरत होती आणि तिच्यावर त्या हडकुळ्या, तापट म्हाताऱ्याचं सगळं वजन होतं. एक हात वॉकरवर. दुसरा हात पुढं, मूठ वळलेली, तिच्यात न दिसणारी सांडशी. कोपर बरगडीला टेकलेलं. नजर खाली, मुशीवर. अगदी असेच ते तेव्हा कुंभकोणमला उभे होते. ती हत्तीण त्यांच्या मानेवर फुसफुसत असताना रसाचा थेंबसुद्धा हलला नव्हता, आणि चेट्टी समोरून पापणी न हलवता बघत होता.

आता आम्ही सगळे तसंच बघत होतो.

"अशी धरत्यात मूस!" दाजी म्हणाले. धाप लागली होती, तरी आवाज बाहेर पार जिन्यापर्यंत गेला असेल. "बगितलंस? भार ह्या पायावर! ह्या!" आणि उजवी टाच त्यांनी फरशीवर दणकन आपटली. दांडा नव्हता, तर ती आपटली कशाच्या जोरावर, हे कुणी विचारलं नाही. हौसानं पदर तोंडाला लावला. मी स्टुलावर बसलेला होतो, त्यामुळं दाजींचं तोंड दिसायला मला मान पार वर करावी लागली.

"वर काय बगतोस?" दाजी गरजले. "सांग ह्यास्नी! माळ्यावर कोण चढलं हुतं ते सांग! शिडी कुणी वर वडून घेतली ते सांग! म्हादबा, जालिंदर, ह्या बाळक्याचा एक शबूद खरा न्हाई. साफ खोटं बोलतोय ह्यो!"